मिटवरचा लाल डाग

ताकेमुरा-सान गेल्याचं मला कचऱ्याच्या जागी कळलं. प्लॅस्टिकचा कचरा टाकायचा दिवस होता. पिशव्यांवर जाळी ओढता ओढता त्यांची मुलगी युमिको-सान म्हणाली, "बाबा परवा गेले. झोपेतच." माझे डोळे भरून आले... आणि त्याच क्षणी मनात आलं, सुटले मी! आता त्या डागाचं त्यांना कधीच कळणार नाही. या विचाराची लाज मला पुढे महिनाभर पुरली.

जपानात, कावासाकीत आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे हे आजोबा तरुणपणी एका कारखान्याच्या बेसबॉल संघाचे फर्स्ट बेसमन होते. दिवसा लेथवर काम, संध्याकाळी सराव, अशी सोळा वर्षं. बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा चुलतभाऊ, एवढंच माझं ज्ञान. त्यांनी शांतपणे समजावलं. बाकीचे खेळाडू चेंडू अडवून पहिल्या बेसकडे, म्हणजे फलंदाजाला धावत गाठायच्या पहिल्या ठाण्याकडे फेकतात; तो पोचायच्या आत आपण पाय बेसवर टेकवून चेंडू झेलायचा, की फलंदाज बाद. "पण घाईत फेकलेला चेंडू कुठंही जातो, साने-सान. जमिनीवर आपटतो, डोक्यावरून जातो. मी तो पकडला, की फेकणाऱ्याच्या नावावर चूक लिहिली जात नाही." त्यांचं नाव झालं ते यामुळेच. फोटो फटके मारणाऱ्यांचे छापून आले, पण संघातले म्हातारे नव्या वर्षाचं कार्ड न चुकता पाठवायचे ते यांना.

चार वर्षांपूर्वी वॉर्डाच्या सभागृहात जुन्या खेळाडूंच्या वस्तूंचं छोटंसं प्रदर्शन होतं. मी तिथे अर्धवेळ काम करायचे, म्हणून ताकेमुरा-सानांनी आदल्या दिवशी आपली पेटी माझ्याकडे दिली. पहिल्या हंगामातली टोपी, संघाचा फोटो आणि त्यांचं मिट, म्हणजे फर्स्ट बेसमनचा तो जाडजूड हातमोजा. त्यावरचा एकेक ओरखडा त्यांना पाठ होता. हा पावसातल्या सामन्याचा, हा कुणाच्या तरी बुटाचा...

नेमका तो दसरा होता. मी लॅपटॉप, शिलाई मशीन, खाली जाऊन सायकल, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. सायकलची पूजा ताकेमुरा-सान दरवर्षी दारातून कौतुकानं बघायचे. वर आले तर समोर मिट. ज्यावर माणूस सोळा वर्षं उभा राहिला, ते त्याचं शस्त्रच की! लावलं बोट. आणि तेल पिऊन मऊ झालेल्या त्या चामड्यात ओलं कुंकू असं मुरलं, की पुसावं तेवढं पसरलं. प्रदर्शनात मी डागाची बाजू खाली करून मिट ठेवलं आणि पेटी तशीच परत दिली. सांगायला तोंड उघडलं होतं, पण धीर झाला नाही. त्यानंतर चार वर्षं ते संत्री घेऊन दारात यायचे आणि मी नजर चुकवायचे. चोराच्या मनात चांदणं! मिटचा विषय त्यांनीही कधी काढला नाही.

मागच्या आठवड्यात युमिको-सानने मला खाली बोलावलं. खोली रिकामी होत होती. तिनं पेटी उघडली. मिटला दोऱ्यानं एक कागद बांधलेला होता, त्यावर त्यांच्या अक्षरात सगळ्या खुणांची यादी. मला कांजी, म्हणजे जपानीतली ती चित्राक्षरं, अजून अडतात, म्हणून तीच वाचत होती. पावसातला सामना, बुटाचा ओरखडा... शेवटच्या ओळीवर ती थांबली.

"'लाल डाग. साने-सानची पूजा.' हे काय हो?"

तारीख होती पेटी परत दिली त्याच दिवसाची.

"पुढे काही आहे?" मी कसंबसं विचारलं.

"आहे ना. 'चूक नाही.'"

मी तिथेच चटईवर बसले आणि रडले, मग हसत सुटले. चार वर्षांचं ओझं एका ओळीनं उतरलं. युमिको-सान घाबरून चहा आणायला धावली, तेव्हा कुठे मी तिला सगळं सांगितलं.

ते मिट आता कायमचं सभागृहाच्या काचेच्या कपाटात आहे. मांडायचं काम माझ्याकडेच आलं. या वेळी मी डाग वरच्या बाजूला ठेवला.