तीन-शून्यने पुढे

माझा घसा त्या दिवशी बसला तो कसा, हे विचारताय ना? सांगतो. पण आधी चहा संपवा, कारण मधेच हसलात तर ठसका लागेल, आणि तो दोष पण माझ्याच नावावर जाईल. आधीच पुष्कळ आहेत.

तर आमचा एक फुटबॉल क्लब आहे, नायगावच्या बीडीडी चाळींतला. निळी जर्सी, म्हणून चाळीत सगळे त्याला नुसतं ‘निळे’ म्हणायचे. क्लब कसा आहे, हे एका वाक्यात सांगायचं तर गेली नऊ वर्षं आम्ही दर सीझनला ‘यंदा तरी’ म्हणतोय. हरायचे प्रकार तरी किती असावेत? आमच्या पोरांनी सगळे करून बघितले. एकदा तर शेवटच्या मिनिटाला आमच्याच डिफेंडरने इतका सुंदर हेडर मारला, की आमच्याच गोलकीपरला अडवता आला नाही.

तरी पूर्वी चाळीतून चाळीसेक माणसं मॅचला जायची. कोकणातले आम्ही सावंत-परब, जयभीमवाले कांबळे-जाधव, सगळे एकाच कट्ट्यावर बसून एकाच रेफ्रीला शिव्या घालायचो. हरलो की परत येताना वसंता कांबळे म्हणायचा, “सावंता, खेळले पण चांगले रे.” दर वेळी हेच. मग सगळे चहा प्यायचे.

मग चाळी पडायला लागल्या. कोणी भाडं घेऊन बदलापूरला गेलं, कोणी विरारला, कोणी मुलाकडे. मी टॉवर उभा राहिल्यावर परत आलो, सतराव्या मजल्यावर. माझी बायको सुनंदा तेवढी थांबली नाही, आदल्या वर्षीच गेली. मुलगी बेंगळुरूला. घर छान आहे, खोटं कशाला बोलू. खिडकीतून समुद्राची एक चिंधी दिसते. पण मजल्यावर चार दारं आणि चारही बंद. चाळीत मला शिंक आली तरी तिसऱ्या खोलीतून कोणीतरी विचारायचं. इथे मी एकदा मुद्दाम मोठ्याने शिंकून बघितलं. काही नाही.

ग्रुप होता व्हॉट्सॲपवर, जुन्या मंडळींचा. मी मॅचला एकटाच जायचो आणि तिथून बातम्या टाकायचो. ‘पंधरा मिनिटं झाली, शून्य-शून्य.’ ‘एक गोल खाल्ला.’ ‘दुसरा खाल्ला.’ सगळे वाचायचे, बोलायचं कोणी नाही. काय बोलणार म्हणा.

यंदा मात्र माझं एकाही मॅचला जाणं झालं नाही. घराचं सामान लावायचं होतं, मग मोतीबिंदू निघाला, डोळ्याचं ऑपरेशन झालं. शेवटची मॅच आली तेव्हा कळलं की आपण तळाला आहोत. बरोबरी झाली तर वाचतो, हरलो तर खालच्या डिव्हिजनला. म्हटलं, आज नाही गेलो तर काय तोंड दाखवायचं? डॉक्टरने दिलेला काळा चष्मा चढवला आणि निघालो.

परळच्या त्या मैदानात एका वेळी दोन मॅच चालतात. एक गेटजवळ, दुसरी पलीकडे, मधे क्रिकेटची जाळी. गेटवरच्या माणसाला विचारलं, “निळे कुठे खेळतायत?” तो म्हणाला, “हे काय समोर.” समोर निळी जर्सी. संपलं. माणूस आणखी काय खात्री करणार?

पोरं ओळखीची वाटत नव्हती, हे खरं. पण आमच्याकडे दर वर्षी अर्धी टीम बदलते, आणि माझा एक डोळा नवा, दुसरा जुना. आमचा कॅप्टन सिद्धेश तेवढा दिसेना. म्हटलं, लागलं असेल पायाला.

आणि काय खेळत होती हो पोरं! पास दिला की दुसऱ्याच्या पायावर. मी नऊ वर्षांत हे दृश्य पाहिलं नव्हतं. विसाव्या मिनिटाला गोल. मी एकटा माणूस, पण असा ओरडलो की लाइनवरचा पंच दचकला. ग्रुपवर टाकलं, ‘एक-शून्य, आपण पुढे.’

निळ्या पोरांच्या बेंचवरून एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. मला वाटलं, क्लबला नवा मॅनेजर मिळाला, बरं झालं. त्यांनी अदबीने विचारलं, “सर, आपण आमच्यापैकीच का?”

मी म्हटलं, “तुमचाच. तीस वर्षं.”

“नायगाव?”

“नायगावच.”

ते एकदम वाकले. माझ्यासाठी खुर्ची आली, लिंबूपाणी आलं. पुढे कळलं की ती एका मोठ्या कंपनीच्या ऑफिसची टीम होती, त्यांची नायगावला शाखा आहे, आणि त्यांना वाटलं मी तिथला रिटायर झालेला कोणीतरी बडा साहेब. पण ते पुढे. तेव्हा मी विचार केला, की अखेर या क्लबमध्ये माणसाची कदर सुरू झाली.

दुसरा गोल झाला आणि ग्रुप जागा झाला. आधी कोणीतरी लिहिलं, ‘सावंत, खरं सांग.’ मग शैला वहिनींचा अंगठा आला. शैला परब म्हणजे आमच्या चाळीतल्या शेजारीण, आता कुर्ल्याला असतात. मग वसंताचा थेट फोनच आला. तो शीवला मुलीकडे आला होता. तीन वर्षांनी त्याचा आवाज ऐकला. मी फोन गोलपोस्टच्या दिशेने धरला, म्हटलं ऐक. काय ऐकू येणार डोंबल, पण तो म्हणाला, “थांब तिथेच, टॅक्सी करतो.”

हाफ टाइमला मॅनेजर म्हणाले, सर, मुलांशी दोन शब्द बोला. मी उठलो. पोरं गोल करून बसली होती, संत्र्याच्या फोडी खात. मला सांगायला लाज वाटते, पण माझे डोळे भरून आले, दोन्ही, जुना आणि नवा. मी म्हटलं, पोरांनो, तुम्हाला माहीत नाही तुम्ही कोणासाठी खेळताय. माणसं लांब लांब गेली, घरं गेली, पण तुम्ही खाली जाऊ नका. एवढं एक राहू द्या. पोरं टेबलात दुसरी होती, खाली कशाला जातील? एकाने हळूच शेजारच्याला विचारलं, “नायगाव ब्रँच बंद होतेय का?”

दुसऱ्या हाफमध्ये तर मी घशाची चिंता सोडून दिली. पहिला हाफ एकट्याने ओढला होताच, आता चाळीसजणांचं काम अंगावर घेतलं. तिसरा गोल झाला तेव्हा खुर्चीवर उभा होतो. आणि शिट्टी वाजली तेव्हा गेटमधून आमची माणसं आत येत होती. वसंता, शैला वहिनी, मागून जाधवांचे दोघे भाऊ. वसंताच्या हातात पेढ्यांचा डबा. त्याने मला मिठी मारली. तो बराच म्हातारा झालाय, हे मला तेव्हा जवळून दिसलं. त्यालाही माझ्याबद्दल तेच वाटलं असणार.

शैला वहिनी मात्र पोरांकडे बघत उभ्या होत्या. त्यांची नजर पहिल्यापासून तीक्ष्ण. म्हणाल्या, “भावोजी, ही खंयची पोरां? आपले तर यंदा पिवळे ना?”

“पिवळे कसे?”

“स्पॉन्सरने जर्सी बदलली. ग्रुपवर फोटो टाकला होता की.”

माझ्या फोनमध्ये जागा नाही, म्हणून मी फोटो उघडतच नाही. मी हळूहळू मान वळवली. जाळीच्या पलीकडे, दुसऱ्या मैदानात, पिवळ्या जर्सीतला सिद्धेश कमरेवर हात ठेवून उभा होता. त्यांची मॅच उशिरा सुरू झाली होती. शेवटची दहा मिनिटं बाकी. शून्य-दोन. कडेला बघायला एक माणूस नाही.

आम्ही पळालो. म्हणजे जेवढं पळता येतं तेवढं. लाइनपाशी पोचलो, मी दोन्ही हात वर केले, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

काही नाही. हवा. एखाद्या जुन्या नळातून येते तशी. तीस वर्षांत ज्या एका दिवशी आवाजाची खरी गरज होती, त्या दिवशी तो मी एका कंपनीला देऊन बसलो होतो.

वसंता ओरडला, वहिनी ओरडल्या, पण चार माणसांचं ते. तेवढ्यात मागून बूट वाजले. ती निळी पोरं आली होती, सगळी. त्यांना काय समजलं होतं देव जाणे, मॅनेजरने बहुधा सांगितलं असावं की साहेबांची आणखी एक टीम आहे. त्यांनी “कम ऑन यलो” सुरू केलं. मैदान हादरलं. आमच्या पोरांनी वळून बघितलं, आणि पाच मिनिटांत एक गोल केला. खरोखर केला. मग एक बॉल बारला लागला, मी वसंताचा दंड इतका दाबला की त्याने हात झटकला. आणि शिट्टी झाली. एक-दोन. खाली गेलो.

पेढे वसंताने आपल्या पोरांना वाटले. खाली जाणाऱ्या टीमने पेढे खाल्ल्याचं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. शैला वहिनींना घरी नातू होता, वसंताला मुलीचा फोन येत होता. पुढच्या वर्षी नक्की भेटू, असं सगळे म्हणाले आणि अर्ध्या तासात पांगले. मी मैदानात एकटा राहिलो. सिद्धेश तेवढा कोपऱ्यातले झेंडे उपटून गोळा करत होता. दिवसभर सामान पोचवायचं काम करून हा मुलगा ही सगळी हमाली पण करतो.

तो माझ्याजवळ आला. म्हणाला, “काका, तुमचा आवाज येत होता तिकडून. आमचा कीपर म्हणाला, बघ, सावंत काका पण दुसऱ्या टीमकडे गेले.”

मला बोलता येईना. खिशातून फोन काढला आणि त्यावर लिहिलं, ‘मला वाटलं तुम्हीच खेळताय. तीन-शून्यने पुढे होता.’ आणि त्याच्यापुढे धरला.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. फोन परत देताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“काका, डोळ्यांचं ठीक आहे. जर्सीचं पण समजू शकतो,” तो म्हणाला. “पण तीन-शून्यने पुढे? तेव्हा तरी ओळखायचं ना, की हे आपण नाही.”