कर्ण न मोजलेली चौकट

आमची गावची शाळा एकशिक्षकी. मास्तर अंगणात फक्कीनं त्रिकोण काढायचे आणि आम्ही त्याच्या बाजूंवरून पळायचो. तेव्हापासून भूमिती म्हटलं की मला गंमतच वाटते. जगदेवरावांचं मात्र तसं नाही.

ते बडोद्याला कारेलीबागेत आमच्याच सोसायटीत राहतात. मकरपुऱ्याच्या कारखान्यात तीस वर्षं लोखंडी चौकटी जोडल्या, आता दहावीच्या मुलांना भूमिती शिकवतात. यंदा अवनी येऊ लागली. त्यांचे जुने जोडीदार गोविंदराव, त्यांची ही नात.

एका संध्याकाळी मी तिथेच बसलो होतो. अवनीनं लिहिलं होतं, ‘आयताच्या समोरासमोरच्या बाजू समान असतात. या चौकोनाच्या तशा आहेत. म्हणून हा आयत.’

जगदेवरावांनी पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडल्या आणि चौकट एका कोपऱ्यानं ढकलली. ती कलंडली.

“बाजू बदलल्या?”

“नाही, आजोबा.”

“आयत राहिला?”

“नाही. मग ओळखायचा कसा?”

“दोन्ही कर्ण मोजायचे. तेही समान आले तरच आयत. वाक्य खरं म्हणून त्याचं उलट खरं, असं नसतं.”

ती गेल्यावर मला म्हणाले, “बावीस वर्षांपूर्वी मी हेच केलं. शनिवार होता, कंपनीची बस सुटत होती. चार बाजू मोजल्या, कर्ण राहिले. सोमवारी गोविंदरावांनी त्या चौकटीला भोकं पाडली. मशीन बसेना. साहेब म्हणाले, भोकं चुकली की मशीन बसत नाही. बसलं नाही, म्हणजे भोकंच चुकली. गोविंदरावांना काढलं. पुढे फतेगंजात वॉचमनकी केली त्यांनी. आणि मी गप्प. आता त्यांची नात माझ्याकडे शिकते, मला झोप लागत नाही. माफी मागायचीय.”

“मग चला की,” मी म्हणालो.

रविवारी गेलो. गोविंदराव हिंचक्यावर झुलत होते. “आवो, बेसो,” म्हणाले. जगदेवरावांनी खाली मान घालून सगळं सांगितलं.

“मला ठाऊक आहे,” गोविंदराव म्हणाले. “त्याच दिवशी मी दोरी लावली होती. कर्णात दोन बोटांचा फरक होता. साहेबांना सांगितलंही.”

“मग?” मी विचारलं. ते जगदेवरावांकडे वळले.

“साहेबांनी माझ्यासमोर तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, बाजू बरोबर आहेत.”

“खोटं नव्हतं ते,” जगदेवराव पुटपुटले.

“नव्हतंच. म्हणून तर मला काही बोलता आलं नाही.” त्यांनी पायानं हिंचका थांबवला. “राग केव्हाच संपला. पोरीला तुमच्याकडे मीच धाडलं, शिकवता चांगलं म्हणून. तिला यातलं काही सांगितलं नव्हतं.”

अवनी चहाचा ट्रे घेऊन केव्हाची दारात उभी होती. तिनं तो स्टुलावर ठेवला आणि आत गेली.

सोमवारी पाच वाजता जगदेवरावांनी दार उघडं ठेवलं. ती आली नाही. मंगळवारीही नाही. गुरुवारी त्यांनी बाकीच्या मुलांनाही निरोप धाडला, शिकवणी बंद, आता येऊ नका.