पडद्यावरचे ठिपके

नोकरी अग्निशमन दलात, पण बब्रुवान हाडाचा मेंढपाळ. येडशीच्या डोंगरात पहाटेच्या गारव्यात गवत पेटलं आणि मोनिका मॅडमनी उष्णता टिपणारा नवा ड्रोन उडवला. पडद्यावर, धुराआड, पांढरे ठिपके सरकू लागले.

"आग पसरतीय," मॅडम म्हणाल्या.

"आग कुठली! वाऱ्याच्या उलटी आग चालती व्हय कधी? मेंढरं हायती ती!"

घोळका थांबला. मधोमध एक लांबट ठिपका निपचित पडलेला.

"अन् त्यो मेंढका!"

बब्रुवान धुरात घुसला. मॅडम फोनवरून वाट सांगत होत्या. समोरचं काही दिसेना, तेव्हा त्यानं बापाची मेंढरं वळायची हाळी घातली, "हुर्रर्र हाऽऽ!"

मेंढरं एकदम ओरडली. फोनवर मॅडम त्यांच्याहून जोरात ओरडल्या, "मामा, ठिपका उठून बसला!"