आवाज काढून दाखवा

“ह्या गाडीचा मालकच लय बोलतो, गाडीला बोलूच देत न्हाई,” असं कुणीतरी अंगणात म्हणालं आणि स्वयंपाकघरात मी ओळखलं, मलकापूरचे मामा आले. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सैन्यात त्यांनी आयुष्यभर गाड्या दुरुस्त केल्या. माणसांपेक्षा गाड्यांना जास्त समजून घेणारा असा दुसरा माणूस अख्ख्या सातारा जिल्ह्यात नसेल.

मामांचा एक नियम आहे. गाडीवाल्यानं रोगाचं नाव घ्यायचं नाही. “गिअरबॉक्स गेलाय वाटतं,” असं कुणी म्हणालं की ते हात पुसून बाजूला होतात. “तुमालाच कळलंय तर मी कशाला? आवाज काढून दाखवा.” मग त्या बिचाऱ्यानं गाडीचा आवाज तोंडानं काढायचा. एकदा कडक इस्त्रीतले एक बँक मॅनेजर भर गल्लीत “घूंऽऽ” करत उभे होते. वेगाबरोबर वाढतो? वाढतो. स्टिअरिंग डावीकडं घेतलं की? अजून वाढतो. “मग उजव्या चाकाचं बेअरिंग. बसा, च्या घ्या.” गिअर ऑईल ते बोटावर घेऊन इतक्या मनापासून हुंगतात, की आत्या म्हणते, माझ्या आमटीचा कधी असा वास घेतला नाही. लग्नकार्यातही त्यांचा कान रस्त्यावर. चुलत बहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना बाहेरून एक जीप गेली, तर मामा माझ्याकडे वाकून म्हणाले, “चारी चाकं जोडून कोरड्या डांबरावर पळवतोय, गाढव. मोडंल की.” पुढच्या अक्षता त्यांनी बहुधा जीपच्याच दिशेनं टाकल्या.

त्या दिवशी मात्र रोगी आमची गाडी होती. जुनी, चारही चाकांनी कायम ओढणारी. महाबळेश्वरच्या रोपवाटिकेत नोकरीला जाताना पावसातल्या घाटात माझा विश्वास फक्त तिच्यावर. अलीकडे ती हिसके देत होती. गॅरेजवाल्यानं मोठा खर्च सांगितला आणि बाबांनी सांगलीचं गिऱ्हाईक शोधलं. मामांचा निकाल ऐकून ते दुपारी फोन करणार होते. गाडी जाऊ नये असं मला फार वाटत होतं. पण मी घरात फारशी बोलत नाही. इंग्रजी शाळेनं मला दोन भाषांत गप्प बसायला शिकवलंय.

मामांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवलं आणि मूठ दातांत धरली. पूर्वी ते ती कानाला लावत. हे बहुतेक फक्त माझ्याच लक्षात आलं. मग दादानं त्यांना गाडीतून हमरस्त्यावर फिरवून आणलं. मामा उतरले ते पडलेल्या चेहऱ्यानं. “कायबी घावंना.”

“म्हणजे विकलेलीच बरी, दाजी,” बाबा म्हणाले.

मी दारात आले आणि तोंडातून आवाज काढला. “खुड्-खुड्-गुर्रऽऽ.”

दादा फिस्सकन हसला. मामा हसले नाहीत. ते माझ्या ओठांकडे बघत होते. “कवा?”

“फाटकातून आत घेताना. हळू, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की. दादा जोरात चालवतो, त्याला नाही कळत.”

मामा गाडीभोवती फिरले, एकेका टायरवर अंगठा फिरवला. “फुडचे दोन नवे कुणी घातले?”

“मीच,” दादा म्हणाला. “मागचे अजून चालतील म्हटलं.”

“आरं, चारी चाकं एका जुवात हाईत. दोन उंच बैल, दोन बुटके. एकमेकाला वढत बसल्यात. ह्यात गाडीची काय चूक?”

झिजलेले जुने दोन टायर कोपऱ्यात पडलेच होते. दादानं ते मुकाट्यानं परत पुढं बसवले. मी गाडी फाटकातून हळूहळू आत घेतली. एकही हिसका नाही.

बाबा फोन हातात घेऊन उभे होते. “चारी टायर सारखे घालू. पण दाजी, सांगलीला काय कळवू?”

“मला नगं इचारू,” मामा चिंधीनं हात पुसत म्हणाले. मग अगदी हळू, मला एकटीलाच ऐकू जाईल असं पुटपुटले, “ऐकायला येत न्हाई गं आता पैल्यासारकं.” आणि उजव्या कानामागं तळवा धरून ते माझ्याकडे बघत राहिले.

हळू बोलून चालणार नव्हतं. शेजारच्या गच्चीवरची माणसंही वळून बघतील इतक्या मोठ्यानं मी म्हणाले, “बाबा, विकू नका. ही गाडी मी चालवणार आहे!”