रिव्हर्स नसलेली शववाहिका

सकाळी फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. फोन गॅसवाल्याचा असला तरी येतो. कारण आमच्या घरी निम्मे फोन कोणीतरी गेल्याचे असतात, आणि तो ठेवला की आमचे हे शर्ट चढवून, किल्ली घेऊन निघतात. वस्तीतल्या विहाराची शववाहिका हे चालवतात. निवृत्तीनंतर माणसं फिरायला जातात, बुद्धिबळ खेळतात. ह्यांनी हे काम अंगावर घेतलं. पगार नाही, मान भरपूर, आणि हृदयात एक स्टेंट.

गाडी माझ्या सासऱ्यांनी आणलेली. ते दारूगोळा कारखान्यात होते. त्या काळी आमच्या वस्तीतलं माणूस गेलं की टेम्पोवाल्यांचे टायर नेमके पंक्चर व्हायचे. सासऱ्यांनी वर्गणी काढली, लष्कराच्या लिलावातून एक म्हातारी रुग्णवाहिका उचलली, तिला पांढरा रंग दिला आणि बाजूला निळी पट्टी ओढली. तेव्हापासून ती कोणाचीही जात न विचारता सगळ्यांना नेते. आता तिच्या वयाची गाडी रस्त्यावर दिसत नाही. तिचे गिअर टाकण्याची खुबी फक्त ह्यांच्या हाताला माहीत, असं वस्तीत सगळे म्हणतात. ह्यांनाही ते ऐकायला आवडतं.

आमच्या घरात शकुन-अपशकुन मानत नाहीत. सासऱ्यांनी दीक्षा घेतली ती मनापासून. मांजर आडवं गेलं तर ते मुद्दाम त्याच वाटेने पुढे जायचे. पण एक नियम त्यांनी घालून दिला होता. मयत आत असताना गाडी मागे घ्यायची नाही. ‘ही अंधश्रद्धा नाही, शिस्त आहे,’ ते म्हणायचे, आणि शिस्त म्हटलं की आमच्याकडे कोणी प्रश्न विचारत नाही. म्हणून रिव्हर्सच्या गिअरचे दाते तुटले तेव्हा कोणालाही घाई वाटली नाही. भरलेली असताना मागे घ्यायचीच नाही, आणि रिकामी असताना ढकलता येते, असं विहाराच्या कमिटीने एकमताने ठरवलं. एकमत लवकर झालं, कारण भजी गार होत होती.

पण ढकलणार कोण? बॉनेटला छाती लावून सगळ्यात पुढे हेच. पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी घरी आल्यावर मी सांगून टाकलं, “अहो, एक तर ते गिअर मिळवा, नाही तर गाडी उभी करा. मला तुम्ही हवे आहात.”

“मिळवतो,” हे म्हणाले. ‘उभी करतो’ म्हणाले नाहीत.

मग तुटकं गिअर कापडी पिशवीत घालून आम्ही दोघं वणवण फिरलो. ह्यांच्यावर विश्वास नव्हता म्हणून मी बरोबर. नाना पेठेतल्या एका दुकानदाराने चष्म्यावरून गिअर पाहिलं आणि विचारलं, “ही गाडी अजून चालते?”

“चालते.”

“मग उगाच कशाला छेडता तिला?” असं म्हणून त्याने पुढच्या गिऱ्हाइकाकडे मान वळवली.

दुसऱ्याने सांगितलं, “आमच्या आजोबांनी ठेवला असता हा माल. पण आजोबाच आता तुमच्या गाडीत बसून गेले.” हे हसले. मला हसू आलं नाही. लेथवाला म्हणाला, तसंच्या तसं कापून देतो, पण पहिल्या चढाला दाते हातात आले तर माझ्याकडे यायचं नाही.

शेवटी खराडीच्याही पुढे एका भंगारवाल्याकडे गेलो. मागे काचेच्या मोठमोठ्या इमारती आणि पुढे गाड्यांचा ढीग. भंगारवाल्याने गिअर हातात खेळवलं. “हाय की असली एक गाडी. पार तळाला हाय पण. वरच्या गाड्या निघाल्या की काढून ठिवतो.” त्याने माझा नंबर घेतला. मी त्या ढिगाकडे बघत उभी राहिले. एका गाडीचं स्टिअरिंग सीटपर्यंत आत घुसलं होतं. तिथे बसलेल्याच्या घरी फोन कोणी उचलला असेल, एवढंच मनात येत राहिलं. परत येताना मी बसमध्ये ह्यांचा हात धरून बसले होते, आणि ह्यांना वाटलं मला गाडी लागली आहे.

त्याचा फोन यायच्या आधी बाई गेल्याचा निरोप आला. बाई म्हणजे ह्यांच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका. कर्वेनगरच्या जुन्या गावठाणात, एका अरुंद गल्लीत राहायच्या. अंत्यविधी सकाळी होता, म्हणून हे आदल्या संध्याकाळी गल्ली पायी बघून आले. एका टोकाने शिरायचं, बाईंना घ्यायचं, दुसऱ्या टोकाने बाहेर. मागे घ्यायचा प्रश्नच नव्हता. बाईंना मीही मानायची, म्हणून पांढरी साडी नेसून मीही गेले.

सकाळी बाईंना गाडीत ठेवलं, गाडी पुढे निघाली, वळण घेतलं, आणि ह्यांनी करकचून ब्रेक दाबला. गल्लीच्या तोंडाशी आडवा चर खणलेला. पाइपलाइनचं काम पहाटेच सुरू झालं होतं. चरावर माणसांना जाण्यापुरत्या दोन फळ्या टाकलेल्या.

बाईंचा मुलगा खिडकीशी आला. “काका, जस्ट रिव्हर्स घ्या ना.”

“रिव्हर्स नाही.”

“म्हणजे, घेत नाही की नाहीच आहे?”

“दोन्ही,” हे म्हणाले.

थोडी कुजबुज झाली. मग लोकांनीच वाट काढली. तिरडी उचलली, गाडीच्या कडेने पुढे आणली, खांद्यावर घेतली आणि फळ्यांवरून एकेक पाऊल टाकत बाईंना पलीकडे नेलं. पुढे मोठ्या रस्त्यावर दुसरी गाडी बोलावली. माणसं त्यांच्यामागे गेली. गल्लीत राहिली आमची रिकामी गाडी, हे, मी आणि दोन शेजारी.

“तुम्ही हात लावायचा नाही,” मी म्हणाले.

“नुसता टेकवतो.”

नुसता टेकवला नाही. गाडी जरा हलली, तिरकी होऊन भिंतीला भिडली, आणि हे बॉनेटवरून घसरत खाली बसले. ओठ पांढरे, कपाळावर घामाचे थेंब. “काही नाही,” म्हणाले, आणि डावा हात उजव्या हाताने घट्ट धरला. मी ओरडले की नाही ते आठवत नाही. शेजारी म्हणतात की ओरडले.

कोणीतरी मागच्या टोकाला रिक्षा आणली. पण गल्ली आमच्याच गाडीने बुचासारखी बंद केली होती. भिंत आणि गाडी ह्यांच्या फटीतून एखादा सडपातळ माणूस अंग चोरून निघाला असता. आडवा माणूस नेणं शक्यच नव्हतं. राहिल्या त्या फळ्या. एका शेजाऱ्याने अंग चोरून मागे जाऊन गाडीचं दार उघडलं आणि फटीतून उभं करून लोखंडी स्ट्रेचर पुढे आणलं, ज्यावर थोड्या वेळापूर्वी बाईंची तिरडी ठेवली होती.

“त्याच्यावर नको!” मी म्हणाले. मी, सासऱ्यांची सून.

दोघं थांबले. ह्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, पण बोलता आलं नाही. ते बोलू शकत नाहीत हे दिसलं तेव्हा माझी सगळी भीती त्या एका गोष्टीवर येऊन बसली. स्ट्रेचरवर शेवंतीच्या पाकळ्या चिकटल्या होत्या. मी त्या पदराने पुसल्या आणि म्हणाले, “ठेवा.”

चर खणणारे दोघं धावत आले. चौघांनी उचलून फळ्यांवरून पलीकडे नेलं. मी बाजूने चालत होते, हात ह्यांच्या छातीवर, श्वास चालू आहे का ते चाचपत. आम्ही मोठ्या रस्त्यावर आलो आणि लोक बाजूला झाले. एका बाईने हात जोडले. दोघातिघांनी टोप्या काढल्या. कोपऱ्यावर एक रिक्षावाला होता. आम्हाला पाहून त्याने अदबीने इंजिन बंद केलं आणि मान खाली घातली.

चौघांच्या हातांवर स्ट्रेचर आणि शेजारी पांढऱ्या साडीतली बाई. त्याला दुसरं काय दिसणार होतं?

“अहो, जिवंत आहेत ते!” मी किंचाळले. “रिक्षा सुरू करा! जिवंत आहेत!”

त्याने जशी रिक्षा पळवली, तशी पळताना मी पुण्यात पाहिलेली नाही. ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. आजूबाजूच्या सगळ्यांनी ज्यांना गेलेलं धरलं होतं, ते खरंच जातील ह्या भीतीने मी त्यांच्या तोंडाकडे न बघता नुसती शर्टाची बटणं बघत होते.

हे वाचले. दुसरा स्टेंट बसवला. वॉर्डात हलवल्यावर एका दुपारी माझा मोबाइल वाजला. भंगारवाला होता. “ताई, गिअर गावलं बगा. दाते शाबूत हायेत. ठिवू, का वितळायला जाऊ दे?”

जाऊ दे म्हणायला तोंड उघडलं होतं. पण गाडी चालवायला वस्तीतला कोणीतरी पुढे येणारच, आणि त्याचीही बायको घरी असणार. “ठेवा,” मी म्हणाले. “मी येते न्यायला.”

मग खुर्ची ओढून ह्यांच्याजवळ बसले आणि कितीतरी दिवस घोकलेलं भांडण सुरू केलं. “गिअर मिळालंय. मिस्त्री बसवेल. पण चालवणार दुसरं कोणीतरी. तुम्ही नाही. किल्ली मी कमिटीत देऊन टाकणार आहे.”

आता हे वाद घालतील, सासऱ्यांचं नाव काढतील, हाताची खुबी सांगतील, मग मी चिडेन, सगळं ठरलेलं होतं.

हे खिडकीकडे बघत होते. “बरं,” म्हणाले.

इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही बोलण्याला ह्यांनी पहिल्या झटक्यात ‘बरं’ म्हटलेलं नाही. गल्लीत, फळ्यांवर, रिक्षात वाटली नव्हती एवढी भीती मला त्या एका शब्दाची वाटली. मी उठले आणि नर्सला बोलवायला धावले.