सुपारी फुटल्यावरची यादी

डोणगावच्या महामायेचं म्हणणं असं, की अख्ख्या जिल्ह्याला मिळून एकच प्रश्न पडतो : सरकारी नोकरीतला मुलगा, तिशीच्या आतला, शक्यतो एकुलता. उकंडराव गुरुजींच्या वधू-वर सूचक मंडळाची वेबसाइट तिनं बनवल्यापासून तिच्याकडे याचा पुरावाही होता. मागच्या मेळाव्यात सकाळी दहाला मांडवातल्या दोन हजार माणसांनी एकदमच हा प्रश्न विचारला, आणि वेबसाइटनं मान टाकली.

"मुलामुलींची छापील पुस्तिका कधी बंद पडली नवती," गुरुजी तेव्हा म्हणाले. निवृत्त मुख्याध्यापक, नापास करताना आवाज चढवत नसत. "पुढच्या मेळाव्याले निभली तं निभली. नाई तं मी आपला छापखान्यात जातो."

पुण्याची नोकरी सोडून गावात आलेल्या महामायेकडे हे एवढंच काम होतं. ते गेलं, तर मेहकरात नि चिखलीत तिला कुणी दारात उभं केलं नसतं. तेव्हा निभवायचंच, असं तिनं ठरवलं. रडायचं झाल्यास मेळाव्यानंतर.

दुखणं साधं होतं. कुणीही बटण दाबलं, की डेटाबेस चार हजार नोंदी पहिलीपासून चाळून यादी बनवायचा. मागच्यालाही तीच यादी हवी असली तरी पुन्हा पहिलीपासून. सरकारी खिडकीवर हे खपतं, वेबसाइटवर खपत नाही. महामायेनं कॅश बसवला : एकदा काढलेली यादी जवळ ठेवायची आणि विचारेल त्याला दिवसभर तीच द्यायची. मेळावा रविवारी होता; शुक्रवारी तिनं तीन हजार खोटे विचारणारे सोडून पाहिले. पान बोट उचलायच्या आत उघडलं.

शनिवारी दुपारी जनकाबाईंचा फोन आला. त्यांच्या रुख्मिणीचं नाव मंडळाच्या यादीत होतं.

"कावं महामाये, माह्या पोरीची सुपारी सकाळीच फुटली, लगन पक्कं झालं. गुरुजीनं माह्यासमोर कम्प्युटरात टाकलं. अन् आता हे धाड गावचे लोक जीप भरून आले पोरगी पाहाले! यादीत नाव हाये म्हन्ते!"

"किती जण हायेत, काकू?"

"अकरा. पोहे खाऊन राह्यले. जावई बी अजून इथंच हाये, थो बी त्याइच्यासंगं खाऊन राह्यला."

महामाया तडक मंडळाच्या कचेरीत गेली. गुरुजींना बातमी आधीच पोचली होती.

"त्या ठेवलेल्या याद्या बंद कर," ते म्हणाले. "हळू दे, पन ताजं दे."

"हळू देलं तं उद्या मांडवात वेबसाइट परत बसते, गुरुजी."

"मंग शिळं देतं?"

"नाई. पोरीचं काही बदललं, की तिचं नाव असलेल्या तेवढ्या याद्या फेकाच्या. पसंती झाली की फेकाच्या, पसंती मोडली की परत फेकाच्या."

गुरुजींनी चष्मा काढला. "मेळाव्यात दर दोन मिन्टाले पसंती होते अन् मोडते. किती फेकशीन?"

हिशेब उघड होता : दर दोन मिनिटांनी याद्या फेकल्या, तर ठेवण्याला अर्थच उरत नव्हता.

"पसंती काही खरी नसते वं पोरी," गुरुजी म्हणाले. "बैठकीत सुपारी फुटली, की मंग कोनी माघार घेत नाई. तवाच नाव काढ."

पाच वर्षं पुण्यात राहून तिला कुणी सांगितलं नव्हतं, की शिळं कधी होतं हे कम्प्युटरवाल्यानं नाही, सोयरिकवाल्यानं ठरवायचं असतं. रुख्मिणीचं नाव एकोणीस याद्यांत निघालं : तालुक्याच्या, वयाच्या, उंचीच्या, बी.एड.वाल्यांच्या यादीत तर दोनदा. महामायेनं 'सुपारी फुटली' हे याद्या फेकणारं नवं बटण त्या एकोणीसच्या एकोणीस याद्यांना जोडलं, मग प्रत्येक मुलामुलीच्या याद्यांना. दिवेलागणीला रुख्मिणी सगळीकडून दिसेनाशी झाली.

रविवारी दहाला मांडवानं आपला प्रश्न विचारला. पान उघडलं. साडेदहाला उघडलं, बारालाही उघडलं. तीन सुपाऱ्या फुटल्या, सहा नावं गेली आणि जीप कुणाच्याच दारी गेली नाही.

महामायेनं आकडे दाखवले : विचारणारे सहा हजार, डेटाबेस हलला फक्त एकशेदहा वेळा.

"मंग बाकीच्याइले जवाब कोनं देला?"

"पहिल्याले देलेलाच जवाब, गुरुजी."

"आमी शाळेत याले कॉपी म्हनत होतो," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी छापखान्याला फोन लावला. "पुस्तिका बंद. हाव, कायमची. पन दहा प्रती काढून ठेव बापा. लाइट गेली तं पोरगी काय करीन?"