चहूकडून हाक आली की

बिरूमामा आज सकाळी गेले. माझ्या पीएचडीतलं सगळ्यात शहाणं वाक्य त्यांचं होतं.

मामा आमच्या विभागात लॅब अटेंडंट. मूळचे फुलंब्रीकडचे, मेंढरं राखणारे. शहर वाढलं, चराईच्या रानात प्लॉट पडले, म्हणून नोकरीत आले.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. डिस्टिल्ड वॉटरचं मशीन थंड ठेवताना वाया जाणारं पाणी मामा बादल्यांत धरून झाडांना घालायचे. मशीन माझ्या मायक्रोस्कोपच्या शेजारीच. बादली भरेपर्यंत यांचा डोळा भिंगाला!

माझा विषय, पेशी चालतात कशा.

पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात, बाहेरचा निरोप पकडणारे. एक प्रोटीन त्यातले काही आत ओढून घेतं. मी ते प्रोटीन बंद केलं आणि पेशींच्या थरावर ओरखडा काढला. धडधाकट पेशी सरकत येऊन ओरखडा भरतात. माझ्या भरेनात.

आज सकाळी एक फोटो, उद्या सकाळी दुसरा. फरक शून्य.

सर म्हणाले, "पेशी आजारी आहेत. विषय बदल."

तिसरं वर्ष चालू होतं. मी सरळ बादलीशेजारी बसून रडले.

"ताई, आजारी नायत ती," मामा म्हणाले. "मी काल दिसभर बघितलंय. जागच्या जागी फिरायलीत."

"म्हणजे?"

"चहूकडून हाक आली की मेंढरू असंच करतंय. दोन पावलं इकडं, दोन तिकडं. चालतंय लई, जात कुठंच नाय."

मग मी दिवसभर दर दहा मिनिटांनी फोटो काढले.

मामा बरोबर होते. प्रोटीन नाही, म्हणून रिसेप्टर आत जाईनात. ते सगळ्या बाजूंनी तसेच राहिले, चहूकडून निरोप पकडत राहिले आणि पेशीला दिशाच कळेना. माझा अख्खा प्रबंध यावर उभा राहिला.

आभारात पहिलं नाव मामांचं. वाचून दाखवलं तर केवढे लाजले! म्हणाले, "दोन फोटूवर कळप कळतो व्हय, ताई?"

रिटायर झाल्यावर त्यांनी पुन्हा चार मेंढरं घेतली. मागच्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेले होते. मामांनी बाजेवरूनच एक हाक दिली आणि चारही सरळ त्यांच्याकडे आली. मामा माझ्याकडे बघून हसले. फार सुखात होते.

आज माझा एक विद्यार्थी दोन फोटो घेऊन आला. त्याला म्हटलं, स्टूल घे आणि दिवसभर बघत बस.

मामा, सावकाश जा. तुमच्या ताईचा नमस्कार.